भुताला घर हवे

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडे ठेवण्याची रीत आमच्याकडे अजून पाळली जाते. दक्षिण ही यमाची दिशा. एरवी वर्षभर दिव्याचे तोंड तिकडे करायचे नाही, असा घरातल्या वडीलधाऱ्यांचा दंडक. आणि नेमक्या या एका संध्याकाळी मात्र आवर्जून तिकडेच करायचे. या रीतीचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. अनारशांचे जाळे नीट पडले की नाही, करंजी तेलात फुटली की काय, भावाचा निरोप आला की नाही, अशा शंभर विवंचनांत गुंतलेल्या बाईने मध्येच एक वात मृत्यूसाठी म्हणून बाजूला काढून ठेवायची! सणाच्या आनंदाला त्याने काही बाध येत नाही. उलट, दाराबाहेर काळोख आहे हे एकदा कबूल करून टाकले की आतला उजेड अधिक घरचा वाटू लागतो.

दिवाळी अंकात एक तरी भुताची गोष्ट लागते, ती याच कारणाने असावी. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची आपल्याला सवय झाली, पुढे अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या मासिकांनी त्या ताटात अद्भुताची आणि गूढाची एक तिखट चकली कायमची वाढून ठेवली. उटण्याची आणि साड्यांची जाहिरात उलटावी, विनोदी कथा वाचून हसून घ्यावे, राशिभविष्यात आपली रास पाहून घ्यावी, आणि मग रात्री सगळे निजल्यावर ती एक गोष्ट वाचावी, हा आपल्या मध्यमवर्गीय वाचकाचा क्रम. ती गोष्ट आपण वाचली हे तो सहसा कुणाला सांगत नाही. साहित्यावर चार माणसांत बोलायची वेळ आली की तो खांडेकरांचे नाव घेतो, जी. एं.चे घेतो. नारायण धारपांचे नाव घेताना त्याचा आवाज थोडा खाली येतो.

मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हा खाली येणारा आवाज ओळखीचा आहे. प्राध्यापकांच्या खोलीतही तो ऐकू येतो. ‘धारप? अहो, ते लायब्ररीतलं वाचन!’ जणू ज्ञानेश्वरी लायब्ररीत ठेवतच नाहीत. मला स्वतःला मात्र दिवसेंदिवस असे वाटू लागले आहे, की आपल्या घरांविषयी जे सामाजिक कादंबरीने सांगितले नाही, ते या गोष्टींनी सांगून टाकले. आणि ते सांगता आले, कारण लिहिणाऱ्यांनी भूत बाहेरून आणले असेल-नसेल, पण त्याला राहायला जागा दिली ती आपल्या स्वतःच्या आयुष्यातली.

भुते आपल्याकडे कमी होती असे नाही. कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारावे. ती बसल्या बैठकीला डझनभर जाती सांगेल. मुंज होऊन सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा तो मुंजा. त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेलेली ती हडळ. पुरलेल्या धनात जीव अडकलेला तो समंध. पाण्यात बुडून मेलेला तो गिऱ्हा. तो डोहाच्या काठाने माणसांना चकवतो. ही यादी जरा थांबून वाचली की ती भुतांची वाटतच नाही. ती राहून गेलेल्या गोष्टींची यादी वाटते. कुणाचे लग्न राहिले, कुणाचे मूल मांडीवर घ्यायचे राहिले, कुणाचा वाटा राहिला, कुणाचे क्रियाकर्म राहिले. वाण्याच्या वहीतल्या थकबाकीसारखीच ही भुतांची वही आहे, आणि तिच्यात बायकांच्या नावांची खाती जरा अधिकच आहेत, हे मी वर्गात सांगितले की मागच्या बाकांवरच्या मुली एकदम मान वर करतात.

परंतु ही मंडळी झाडावर, डोहात, पाणंदीत, म्हणजे घराबाहेर राहणारी. अमावास्येला नारळ नि कोंबडे दिले की त्यांच्याशी व्यवहार मिटतो. युरोपात दहशतीच्या ज्या कादंबऱ्यांना ‘गॉथिक’ म्हणतात, त्यांनी भुताला घरात घेतले. होरेस वॉलपोल या इंग्रज गृहस्थाने १७६४ साली ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’ लिहिली तेव्हापासून किल्ला, तळघर, बंद दालन, बापजाद्यांचे पाप आणि त्याची फेड हे सगळे एका छपराखाली आले. (आमच्या कल्याणचे सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले १८६४ साली, बरोबर शंभर वर्षांनी. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पण त्याच वाचनालयात मी पुष्कळ भुते प्रथम पाहिली, म्हणून हिशेब लक्षात राहिला.)

घरात भूत घ्यायचे म्हणजे लेखकाला घर तरी माहीत पाहिजे. ‘ड्रॅक्युला’ लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरचे आयुष्य पाहा. आयर्लंडमध्ये १८४७ साली जन्मलेले हे पोर वयाच्या सातव्या वर्षापर्यंत कसल्याशा दुखण्याने अंथरुणाला खिळून होते. आई उशाशी बसून गोष्टी सांगे, त्या १८३२ साली तिच्या गावी आलेल्या पटकीच्या. माणसे किती झपाट्याने मेली, घाईघाईने कशी पुरली. ज्या मुलाने उठता न येण्याचा अनुभव सात वर्षे घेतला, त्याच्या कादंबरीतला मुडदा रात्री शवपेटीतून उठून हिंडतो यात मला काही गूढ दिसत नाही. खरी मौज पुढेच आहे. हा स्टोकर मोठेपणी डब्लिनला सरकारी नोकरीत कारकुनी करीत होता, आणि १८७९ साली छापलेले त्याचे पुस्तक कशावर, तर आयर्लंडमधल्या कनिष्ठ न्यायालयांच्या कारकुनांच्या कर्तव्यांवर! पुढे लंडनच्या लायसियम नाटकगृहाचा कारभार त्याने सत्तावीस वर्षे पाहिला. आता १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ उघडावी. तिच्यात निवेदक असा नाहीच. रोजनिशी, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतली कात्रणे, सगळे तारीखवार लावलेले. ती एक नीट ठेवलेली फाईल आहे. रक्त पिणाऱ्या सरदारावर आपण विश्वास ठेवतो, कारण कागदपत्रे चोख आहेत. कारकुनाने भुताचे प्रकरण दाखल करून घेतले आहे. आता नाही म्हणायची सोय कोणाला?

नारायण धारपांकडे मी याच वाटेने येते. त्यांचा जन्म १९२५ सालचा. शिक्षण रसायनतंत्राचे, मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. टेक. काही काळ आफ्रिकेत नोकरी, मग नागपुरात व्यवसाय, मग पुणे; तेथेच २००८ साली ते वारले. पुस्तके शंभराहून अधिक. या आयुष्यात वाडा, शाप, वेताळ काही नाही. आहेत ती मोजमापे. आणि त्यांची कथा वाचताना मला सारखी प्रयोगशाळेची आठवण होते. पहिल्या पानावर स्वच्छ काचपात्र: एक सरळमार्गी माणूस, नोकरी करणारा, बायको-मुलांचा. त्याला नवे घर मिळते, किंवा जुने वारशाने येते. भाडे किती, खोल्या किती, नळाला पाणी कधी येते, सगळे सांगून होते. मग त्या पात्रात एकच थेंब पडतो. एका खोलीत जरा अधिक गार वाटते. कुत्रे एका ठरावीक कोपऱ्याकडे जायला तयार होत नाही. माणूस त्याचे साधे कारण शोधतो, आणि ते त्याला सापडतेही. पुन्हा एक थेंब. पुन्हा कारण, पण या वेळी कारण जरा ओढूनताणून आणलेले. असे पन्नास पाने चालते, आणि मग एका रात्री त्या पात्रातला रंग एकदम बदलतो.

कच्चा लेखक पहिल्याच पानावर घुबड ओरडवतो, विजा चमकवतो, विशेषणांची पोती ओततो. ‘भीषण’, ‘भयाण’, ‘अघोरी’ हे शब्द आले की वाचक सावध होऊन बसतो आणि सावध माणसाला भीती वाटत नाही. धारपांची भाषा पुष्कळदा एखाद्या अहवालासारखी कोरडी असते. टीकाकारांनी हा दोष म्हणून दाखवला तर मी भांडणार नाही. त्यांच्या शंभर पुस्तकांत घाईने लिहिलेली पुष्कळ आहेत, आणि समर्थ या त्यांच्या दुष्ट शक्तींशी झुंजणाऱ्या नायकाने प्रकरण हाती घेतले की मला स्वतःला भीती वाटायची थांबते. वैद्य घरात आला की निम्मा आजार बरा होतो, तसे. पण समर्थ येईपर्यंतची जी पाने असतात त्यांत तो कोरडेपणाच कामाला येतो. खोटे बोलायची सवय नसलेल्या माणसाने हळूच येऊन ‘काल रात्री जिन्यात कुणीतरी होतं’ असे सांगावे, तसा तो परिणाम असतो. त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या, ‘गोग्रामचा चितार’, ‘नेनचिम’ यांसारख्या, आणि हात तोच आहे. एकदा नियम घालून द्यायचा आणि मग तो नियम स्वतःही मोडायचा नाही.

येथे कोणीतरी घसा खाकरून म्हणणार, की धारपांनी पुष्कळसे परदेशातून आणले. आणले, यात वाद नाही. ‘लुचाई’ ही स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली, ‘शपथ’ त्याच्याच ‘इट’वर. ऋणाचा उच्चार पहिल्या पानावर ठळक असावा, या मताची मी आहे, आणि विद्यार्थ्यांना तसे सांगतेही. पण उसने आणलेले बियाणे कुठे रुजते आणि कुठे कुजते, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. क्रूस आणि मंतरलेले पाणी मराठी गावात आणून ठेवले तर ते नाटकातल्या सामानासारखे दिसेल. काय टाकायचे, काय ठेवायचे आणि टाकलेल्याच्या जागी काय मांडायचे, हे ठरवायला स्वतःचे घर आतून माहीत असावे लागते.

‘आजी’ या एका कथेचा प्रवास सांगण्यासारखा आहे. स्टीफन किंगचे बाळपण अमेरिकेतल्या मेन प्रांतातल्या एका खेड्यात गेले. बाप घर सोडून गेलेला. आई आपल्या म्हाताऱ्या आईबापांची सेवा करायला तेथे येऊन राहिलेली. अंथरुणावरची म्हातारी माणसे, बेताचे पैसे आणि दमलेली आई, हे त्याने लहानपणी रोज पाहिले. पुढे १९८४ साली त्याची ‘ग्रॅमा’ ही कथा आली. अकरा वर्षांच्या एका मुलाला आई काही तासांसाठी घरी ठेवून जाते. भाऊ इस्पितळात आहे, तिला जाणे भाग आहे. घरात मुलगा आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, लठ्ठ, आंधळी आजी. एवढेच. ती आजी कोण होती हे त्याला हळूहळू कळत जाते.

धारपांनी ती मराठीत आणली आणि तिचे नाव ‘आजी’ झाले. मग १९९३ साली कोणा एका मुलाने नागझिऱ्याच्या जंगलात रात्री आपल्या मित्राला ती तोंडी सांगितली. ऐकणारा मुलगा म्हणजे राही अनिल बर्वे. गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नाही, आणि २०१८ साली त्याचा ‘तुंबाड’ हा चित्रपट आला, नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ वरून घेतलेले, पाऊस कोकणातला, आणि पहिल्या भागात वाड्यातली ती साखळीने बांधलेली, खायला घालून झोपवावी लागणारी म्हातारी. मेनमधल्या त्या खेड्यातली आजी धारपांच्या टेबलावरून, जंगलातल्या रात्रीतून, अशी आमच्या कोकणात येऊन बसली. वाटेत तिचा धर्म बदलला, भाषा बदलली, साखळी आली. बदलली नाही ती एकच गोष्ट: घरातले लहान मूल आणि आतल्या खोलीतले म्हातारे माणूस यांच्यामधला तो पडदा.

हे बियाणे आपल्याकडे इतके रुजले याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. ज्यांची घरे दोन खोल्यांची होती, त्यांना या कथेचे भाषांतर करून सांगावे लागत नाही. माझी आजी शेवटची तीन वर्षे मधल्या खोलीत पडून होती. फार मायाळू बाई. तिने मला ओव्या शिकवल्या, ताकातल्या लोण्याचा पहिला गोळा माझ्या तळहातावर ठेवला. पण रात्री तहान लागली म्हणजे माठापर्यंत जायला तिच्या खाटेवरून जावे लागे, आणि अंधारात तिचा तो श्वास ऐकला की मी उलट फिरून तहानेली निजत असे. माझ्या चुलतभावाचेही तसेच होई, हे मला पुढे वीस वर्षांनी कळले. आम्ही एकमेकांना तेव्हा सांगितले नाही. कसे सांगणार? आजीची भीती वाटते, हे वाक्य मराठी घरात उच्चारता येत नाही. आणि आईच्या मनात रात्री दोन वाजता चादर बदलताना काय येत असेल, ते तर विचारायचेही नाही. आमच्या कौटुंबिक कादंबऱ्यांत आजारी म्हाताऱ्यांची सेवा भरपूर आहे. सुना डोळे टिपतात, सासू मरताना आशीर्वाद देते. त्या मधल्या खोलीतला श्वास मला प्रथम छापील अक्षरांत भेटला तो धारपांच्या पुस्तकात. वाचून भीती वाटली हे खरेच. पण त्याहून अधिक हायसे वाटले. कोणीतरी हे आधीच पाहिले होते.

रत्नाकर मतकरींची गोष्ट निराळी. त्यांच्या कथांना आपण ‘गूढकथा’ म्हणतो, भयकथा नव्हे, आणि तो फरक नुसता नावाचा नाही. १९३८ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षे बँकेत नोकरी करीत होता. १९५५ साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास, त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका मुंबई आकाशवाणीवर झाली. नुसत्या आवाजावर, काही न दाखवता, ऐकणाऱ्याच्या मनात खोली उभी करण्याची ती तालीम त्यांना पुढे जन्मभर पुरली. शिवाय नाटककाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: विंगेत उभा असलेला माणूस रंगमंचावरच्या माणसापेक्षा प्रेक्षकाला अधिक बेचैन करतो. मतकरींच्या कथेत वाड्याचा दिंडीदरवाजा नाही, ब्लॉकच्या दाराची घंटा आहे. दार उघडणारा आणि दाराबाहेरचा यांचे दोन-चार साधे संवाद होतात, चहा होतो, आणि आपल्या लक्षात येते, की भिण्यासारखा माणूस बाहेरचा नव्हे, चहा करणारा आहे.

आणि हेच मतकरी मुलांची नाटके लिहीत होते! ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण त्यांचीच. दिलीप प्रभावळकरांनी ती रंगवली, आणि पुढे २०१८ साली नव्या संचात वैभव मांगल्यांनी. पोरे खुर्चीत उभी राहून तिला ओरडून उत्तरे देतात. मुलांना चेटकिणीवर हसायला शिकवणारा आणि त्यांच्या आईबापांना रात्री जागे ठेवणारा माणूस एकच, याचे अनेकांना कोडे पडते. मला पडत नाही. मुलांचे भूत बाहेरचे असते, ते ओरडून पळवता येते. मोठ्यांचे आतले असते. नर्मदा आंदोलनाच्या बाजूने उभे राहिलेले, आणि उतारवयात आमच्या ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभारणारे मतकरी मे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत गेले. ज्या दिवसांत शेजाऱ्याच्या खोकल्याने आपण दाराला कडी घालत होतो आणि पार्सलवर जंतुनाशक शिंपडत होतो, त्या दिवसांवरची गूढकथा लिहायला नेमका तो हात उरला नाही.

आता थोडे आमच्या मोहन्याविषयी; कारण हे सारे मनात घोळते ते येथल्या रस्त्याने जाता-येता.

उल्हास नदीच्या काठचे, आंबिवली स्टेशनापासून हाकेच्या अंतरावरचे हे गाव. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे आमच्या भाषेत एन. आर. सी.चा कारखाना येथे होता आणि त्याची वसाहत. लाकडाच्या लगद्याचा धागा काढणारा हा उद्योग. नदीचे पाणी, रसायने आणि तीन पाळ्या. वाऱ्याबरोबर येणाऱ्या त्या दर्पावरून नव्या पाहुण्याला मोहने आल्याचे कळे; आम्हांला तो येतही नसे. २००९ साली कारखाना बंद झाला. देण्याघेण्याचे प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चालत राहिले. कुटुंबे एकेक करून गेली, काही राहिली. बंद खोल्यांच्या खिडक्यांतून पिंपळ बाहेर आले. मग जागेची मालकी बदलली आणि पाडापाडी सुरू झाली.

पिंपळ आला की मुंजा येणारच. रिकाम्या इमारतींविषयी पोरांच्या तोंडी गोष्टी फिरू लागल्या: अमुक जिन्यावर पांढरी साडी दिसते, तमुक खोलीत दिवा लागतो. एकदोघांनी तर मोबाईलवर चित्रफिती काढून मित्रांना पाठवल्या. मला त्या पाहून कंटाळा आला. पांढरी साडी हिंदी चित्रपटातून आली होती आणि किंकाळी कुठल्या तरी इंग्रजी चित्रपटातून. ज्या वसाहतीत इतकी माणसे नांदली, गणपती बसले, बारशी झाली, पाळीवरून आलेल्या बापाची झोप मोडू नये म्हणून पोरे दिवसा कुजबुजत खेळली, तिच्यावर कोणाच्याही मालकीची नसलेली एक साडी टांगून ठेवायची? हे म्हणजे घर आपले आणि भूत भाड्याचे.

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या मुलांना मी एक गूढकथा लिहून आणायला सांगितली. अट एकच: अमावास्या, घुबड, पांढरी साडी आणि विहीर यांना मज्जाव. निम्म्या वर्गाचा उत्साह तेथेच मावळला. आलेल्या कथांत एक मुलगी, याच बाजूची, चार पाने घेऊन आली. तिच्या गोष्टीतले आजोबा कारखाना बंद झाल्यावर दूर टिटवाळ्याच्या पलीकडे एका नव्या इमारतीत राहायला गेलेले. रोज पहाटे त्यांना भोंगा ऐकू येतो. ते उठतात, दाढी करतात, डबा भरायला सांगतात. पहिले काही दिवस सून सांगते, ‘अण्णा, भोंगा बंद होऊन कितीतरी वर्षं झाली.’ मग ती सांगणे सोडते आणि डबा भरून देते. ते खाली जातात, फाटकापाशी उभे राहतात, परत येतात, आणि डबा रिकामा असतो. पुष्कळ दिवस हेच. एके दिवशी सून मुद्दाम त्यांच्या मागोमाग खाली उतरते. आजोबा फाटकापाशी उभे आहेत आणि डबा उघडून पुढे धरला आहे. समोर कोणी नाही. त्याच वेळी तिलाही भोंगा ऐकू येतो.

चौथे पान येथे संपले होते.

वर्गात ती वाचली गेली तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग एका मुलाने विचारले, की डबा कोण खातो. दुसरा म्हणाला, पाळीवरचा कुणी जोडीदार असेल, अपघातात गेलेला. तिसऱ्याचे मत, आजोबाच कावळ्यांना घालत असणार, सोपे आहे. एका मुलीला सुनेचीच काळजी होती: घरी गेल्यावर ती नवऱ्याला काय सांगणार? कथा लिहिणारी गप्प बसून बाकावर नखाने रेघा ओढत होती. तास सुटल्यावर ती माझ्या मागे जिन्यापर्यंत आली.

‘मॅडम, शेवट राहिलाय. ती घरी येते, दुसऱ्या दिवशी पहाटे उठते, दोन डबे भरते. इथपर्यंत सुचलंय. पण दार वाजवायचं का? म्हणजे बाहेरून कुणी?’

मी विचारले, ‘तुझ्या घरी भोंगा कुणाला ऐकू येतो?’

ती जराशी हसली, पण उत्तर दिले नाही. वही छातीशी धरून खाली बघत राहिली.

‘मग दार एवढ्यात वाजवू नकोस,’ मी म्हटले. ‘आधी डब्यात काय काय भरलं ते नीट लिही.’